टांझानियात शिकवायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आफ्रिकेत शिकवायला जायचंय, तयारी काय करू?’ असा निरोप आला की मी आधी विचारते, कुठल्या देशात? आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि प्रत्येकाची शाळा, भाषा, परवान्याचे नियम वेगळे. मी टांझानियात शिकवलं आहे, म्हणून ही उत्तरं मुख्यतः तिथली आहेत. केनिया-युगांडात फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच असतात, म्हणून एकत्र केले.

१. माझं बी.एड. झालेलं नाही. तरी जाता येईल का?

येईल, पण वर्ग पूर्णपणे तुमच्या हाती मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे प्रशिक्षित शिक्षक आहेत. त्यांना मदत लागते ती इंग्रजी बोलण्याच्या सरावाला, मागे पडलेल्या मुलांच्या गणिताला, प्रयोगशाळेतल्या मांडणीला, ग्रंथालय लावायला. हे सगळं बी.एड.शिवाय जमतं.

एक मात्र कराच. निघण्याआधी एखाद्या शाळेत मागच्या बाकावर बसून आठवडाभर तास पाहा आणि दोन-तीन तास स्वतः घ्या. ज्यांनी कधीच फळ्यासमोर उभं राहून पाहिलेलं नाही, त्यांनी पहिला प्रयत्न दुसऱ्या देशातल्या मुलांवर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. किती दिवसांसाठी जावं आणि कधी?

दोन आठवड्यांत मुलांची नावंही पाठ होत नाहीत. शिकवायचं असेल तर किमान तीन महिने धरा. तेवढी सुट्टी नसेल तर शिक्षकांसोबत एखादं ठरावीक काम घ्या (प्रयोगांचा संच, वाचनाचे तक्ते) आणि तेवढंच नीट पुरं करा.

शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं. जूनमध्ये मधली मोठी सुट्टी लागते. सप्टेंबरमध्ये इयत्ता सातवीची राष्ट्रीय परीक्षा आणि नोव्हेंबरमध्ये फॉर्म फोरची, म्हणजे माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षाची, परीक्षा असते. त्या आधीच्या आठवड्यांत शाळेला नवा पाहुणा सांभाळायला फुरसत नसते. मार्च ते मे ‘मासिका’, म्हणजे मोठा पाऊस. खेड्यातले रस्ते तेव्हा चिखलाचे होतात. जानेवारीत पहिल्या दिवसापासून असणं सगळ्यात चांगलं, कारण मुलंही तेव्हा नव्या वर्गात नवीच असतात.

३. संस्था पैसे मागते. हे बरोबर आहे का?

राहणं, जेवण, परवाना, स्थानिक समन्वयकाचा पगार यांना खर्च येतो, त्यामुळे पैसे मागणं आपोआप गैर ठरत नाही. हिशेब मागा. किती रक्कम कुठे जाते? शाळेला काय मिळतं? शाळेने स्वयंसेवक स्वतःहून मागितला आहे का, आणि कोणत्या विषयासाठी? मुख्याध्यापकांशी फोनवर बोलायला मिळेल का?

शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तिथे जाऊ नका. तुमचा पोलिसांकडचा चारित्र्य दाखला आणि आधीच्या कामाचे संदर्भ न मागता मुलांमध्ये सोडणारी संस्थाही नको. तुमची चौकशी करत नाहीत, म्हणजे कोणाचीच करत नसणार.

४. पर्यटक व्हिसावर गेलं तर चालतं ना? पगार तर घेत नाही.

चालत नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो. टांझानियात बिनपगारी काम हेही कामच धरलं जातं आणि पर्यटक व्हिसावर ते करता येत नाही. स्वयंसेवकांसाठी ‘सी’ वर्गाचा निवास परवाना असतो आणि त्यासाठी तुम्हाला बोलावणारी संस्था अर्ज करते. पकडलं गेल्यास दंड होतो, देशाबाहेर काढतात, आणि शाळेलाही त्रास होतो.

‘सगळे असेच येतात’ असं एखादी संस्था म्हणाली तर प्रश्न ३ पुन्हा वाचा. पदवीच्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट ही तयारी लवकर करून ठेवा. परवान्याला वेळ लागतो.

५. लसी कोणत्या? पिवळ्या तापाची घ्यावीच लागते का?

प्रवासी आरोग्याच्या डॉक्टरांना निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी भेटा. सहसा हिपॅटायटिस ए आणि बी, टायफॉइड आणि धनुर्वाताच्या बूस्टरचा विचार होतो. खेड्यात महिनोन्‌महिने राहणार असाल तर रेबीजची पूर्वलसही घ्या, कारण कुत्रा चावल्यावर लागणारी औषधं जवळच्या दवाखान्यात असतीलच असं नाही.

पिवळ्या तापाचं गणित विमानाच्या मार्गावर ठरतं. या तापाचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्यांना, किंवा अशा देशाच्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलेल्यांना, टांझानिया प्रमाणपत्र मागतो. केनिया, युगांडा, इथिओपिया हे असे देश आहेत आणि नेमकी यांच्याच मार्गे विमानं जातात. शिवाय अशा देशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आठवड्याच्या सुट्टीत शेजारच्या केनियात फिरून येण्याचा बेत असेल तरी हे लागू होतं.

लस फक्त अधिकृत केंद्रावर मिळते. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. ही जिवंत विषाणूची लस आहे. गरोदर असाल, साठी ओलांडली असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

६. मलेरियाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्यायच्या? इथेही डास आहेतच की.

घ्यायच्या. तिथला फॅल्सिपॅरम जातीचा मलेरिया काही दिवसांत जिवावर बेतू शकतो, आणि ‘आपल्याला सवय आहे’ हा भ्रम आहे. आमच्यातल्या एका मुलीने तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडल्या आणि सहाव्या आठवड्यात तिला शुद्ध हरपलेल्या अवस्थेत जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावं लागलं. ती वाचली. ती रात्र मी विसरलेले नाही.

क्लोरोक्विन तिथे आता उपयोगी पडत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडतं, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावं लागतं आणि उन्हाने त्वचा भाजते. मेफ्लोक्विन नैराश्य किंवा तीव्र चिंतेचा त्रास झालेल्यांनी घेऊ नये. तुमच्यासाठी कोणती, ते डॉक्टर ठरवतील. गोळ्यांसोबत कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी आणि संध्याकाळपासून लांब बाह्यांचे कपडे हवेतच, कारण हा डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो.

ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. गावच्या छोट्या दवाखान्यात, म्हणजे ‘झाहानाती’त, ही तपासणी सहसा होते. परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना ‘मी आफ्रिकेत होते’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

७. स्वाहिली अजिबात येत नाही. इंग्रजीवर भागेल का?

स्टाफरूममध्ये कदाचित भागेल. बाजारात, बसमध्ये, लहान वर्गात आणि पालकांसमोर भागणार नाही. पण घाबरू नका. मराठी माणसाला स्वाहिली जड जात नाही. पाच स्वर आपल्यासारखेच स्वच्छ, लिहितात तसंच वाचतात, आणि भर शेवटून दुसऱ्या अक्षरावर.

शिवाय बरेच शब्द ओळखीचे निघतात. हिंदी महासागराच्या व्यापारातून अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी शब्द तिथेही पोचले आहेत. गणिताला ‘हेसाबू’, पुस्तकाला ‘किताबू’, लेखणीला ‘कलामू’, रंगाला ‘रांगी’, विम्याला ‘बिमा’, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, लाखाला ‘लाकी’. ‘हाबारी?’ म्हणजे काय खबर?

नात्यांचे शब्द मात्र फसवतात. ‘बाबा’ म्हणजे वडीलच, पण ‘मामा’ म्हणजे आई, ‘दादा’ म्हणजे मोठी बहीण आणि ‘काका’ म्हणजे मोठा भाऊ! एक मुलगी ‘दादा आजारी आहे’ म्हणाली तेव्हा मी तिच्या भावाची चौकशी करत बसले होते.

आणखी एक गंमत. आपण बाराखडीआधी ‘क ख ग घ ङ’ घोकतो, पण ङ ने सुरू होणारा एकही शब्द आपल्याकडे नाही. स्वाहिलीत गाईला ‘ङोम्बे’ म्हणतात. इतर परदेशी लोक या उच्चाराशी झटापट करतात, तुम्हाला तो पहिलीपासून येतो.

निघण्याआधी शंभरेक शब्द, वीसपर्यंत आकडे आणि अभिवादनं पक्की करा. मोठ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं, त्यांचं उत्तर ‘मराहाबा’. तुम्ही वर्गात गेलात की मुलं उभी राहून तुम्हालाच ‘शिकामो म्वालिमू’ म्हणतील, तेव्हा ‘मराहाबा’ म्हणायला विसरू नका. म्वालिमू म्हणजे शिक्षक. पहिले राष्ट्राध्यक्ष जुलियस न्येरेरे मुळात शिक्षक, आणि देश त्यांना आजही म्वालिमूच म्हणतो. या शब्दाचा मान तिथे एवढा मोठा आहे.

८. शाळा इंग्रजी माध्यमाच्या असतात की स्वाहिली?

सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत, माध्यमिक शाळा इंग्रजीत. फॉर्म वनमध्ये मुलं येतात तेव्हा सात वर्षं एका भाषेत शिकलेला विषय एकदम दुसऱ्या भाषेत समोर येतो. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. युगांडात खेड्यांमध्ये पहिली तीन वर्षं स्थानिक भाषा आणि चौथीपासून इंग्रजी, असं आहे.

माझ्या पहिल्या आठवड्यातला फॉर्म वनचा तास सांगते. मी फोटोसिंथेसिस शिकवत होते. ‘समजलं?’ विचारलं की सत्तर गळ्यांतून एकसुरात ‘येस मॅडम’. तास संपल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलाची वही पाहिली. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावर मी चुकून लिहून खोडलेला शब्दही त्याने तसाच लिहून तसाच खोडला होता. त्याने अर्थ न कळता चित्रासारखा फळा उतरवला होता. शेजारच्या शिक्षिकेने त्याला हळूच स्वाहिलीत विचारलं, तेव्हा तो म्हणाला ‘उसानिसिनुरू’ आणि सूर्य, पान, पाणी, हवा सगळं घडाघडा सांगितलं. विषय त्याला येतच होता. फक्त माझा इंग्रजी शब्द आणि त्याचा स्वाहिली शब्द एकाच गोष्टीचे आहेत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी फळ्याच्या कडेला दोन रकाने आखते, एकात इंग्रजी शब्द आणि दुसऱ्यात स्वाहिली. दुसरा रकाना मुलं भरतात. ‘समजलं का?’ हा प्रश्न मी सोडून दिला. त्याऐवजी ‘शेजाऱ्याला समजावून सांग’ म्हणते आणि बाकांमधून फिरत ऐकते.

९. एका वर्गात सत्तर-ऐंशी मुलं असतील तर कसं सांभाळू?

एकटीने नाहीच. स्थानिक शिक्षकांसोबत तास घ्या. पहिला आठवडा त्यांचे तास फक्त पाहा, ते वर्ग कसा शांत करतात, गाणं कधी घेतात. बाकानिहाय सात-आठ गट पाडा, प्रत्येक गटाला एक म्होरक्या द्या. सगळ्यांच्या वह्या रोज तपासता येत नाहीत, म्हणून रोज एकाच गटाच्या नीट तपासा.

साधनं गावातच मिळतात. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं मोजायला, काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या हातच्यासाठी, सुतळी मोजपट्टीसाठी. लहान वर्गात भर ‘केकेके’वर असतो, म्हणजे कुसोमा, कुआंदिका, कुहेसाबू: वाचणं, लिहिणं, हिशेब. तुमचे खेळ त्यात बसवा.

१०. मुलांसाठी काय नेऊ? आमच्याकडे जुनी पुस्तकं पुष्कळ आहेत.

जुनी पुस्तकं नेऊ नका. पाठ्यपुस्तकं टांझानिया इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन तयार करते आणि परीक्षा त्यांवरच होते. दुसऱ्या अभ्यासक्रमाचे गठ्ठे कपाटात वाळवी खाते. या संस्थेच्या ऑनलाइन ग्रंथालयातून पुस्तकं उघडा आणि तुमच्या इयत्तेचं निघण्याआधी पूर्ण वाचून काढा. सामानात नेण्याजोगी याहून मोलाची गोष्ट मला माहीत नाही.

शाळेला काय हवं ते मुख्याध्यापकांना विचारा आणि शक्यतो तिथल्याच दुकानातून घ्या. खडू, वह्या, तक्त्यांचे कागद सगळं मिळतं. चॉकलेटं आणि पेनं वाटणं टाळा. सत्तरांतल्या चाळिसांना मिळालं की उरलेल्या तिसांचे चेहरे पाहवत नाहीत.

११. स्वतःच्या बॅगेत काय?

खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे. शिक्षक तिथे इस्त्रीचे कपडे घालून येतात, तुम्हीही या. बंद बूट, टॉर्च, पॉवर बँक, चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर, नेहमीची औषधं चिठ्ठीसह. युगांडा, झांबिया, झिम्बाब्वे इथे जाणार असाल तर लष्करी ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत, ते कायद्याने बंद आहेत.

प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. टांझानियात १ जून २०१९ पासून आणि केनियात ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे. चपला आणि ओले कपडे गुंडाळायला कापडी पिशव्या घ्या.

१२. शाळेने ‘दीड वाजता या’ असं सांगितलं. शाळा दुपारची आहे का?

नाही, सकाळी साडेसातला बोलावलं आहे! स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून चालतं. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण सहाच्या आसपास उगवतो, म्हणून सातला ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजला, आणि साडेसात म्हणजे ‘सा मोजा ना नुसू’. सहा तासांचा फरक धरा. इंग्रजीत बोलतानाही काही जण याच हिशेबाने सांगतात, म्हणून दर वेळी ‘सकाळी की दुपारी’ विचारा. बसच्या तिकिटावर तर नक्कीच.

१३. शाकाहारी आहे. उपासमार होईल का?

होणार नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट ‘उगाली’, ‘माहारागे’ म्हणजे घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, भात, चपाती (नावही तेच), ‘काचुंबारी’ म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, आणि ‘मचिचा’, म्हणजे आपल्या माठाच्या जातीची पालेभाजी. केळी आणि ॲव्हाकाडो मुबलक. ‘सिली न्यामा वाला सामाकी’ म्हणजे मी मांस खात नाही, मासेही नाही. ‘सामाकी’ म्हणायला विसरू नका, कारण पालेभाजीत सुकी ‘दागा’ मासळी सहज पडते. पाणी उकळलेलंच प्या. आणि व्हिक्टोरिया सरोवर कितीही मोहक दिसलं तरी पोहू नका, त्यात बिल्हार्झिया या रोगाचे जंतू असतात.

१४. पैसे आणि फोन?

व्यवहार टांझानियन शिलिंगमध्ये. २०२५ पासून देशांतर्गत देणी परकीय चलनात करायला मनाई आहे. डॉलर नेलेत तर नव्या, न फाटलेल्या नोटा न्या, जुन्या नाकारतात. खेड्यात कार्डापेक्षा मोबाइल पैसा चालतो. सिमसाठी पासपोर्ट आणि बोटांचे ठसे लागतात.

१५. अनाथाश्रमात शिकवण्याची संधी आली आहे. ती जास्त गरजेची नाही का?

मी नको म्हणेन. अशा संस्थांमधल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलांना घरापासून तोडल्याची उदाहरणं अनेक देशांत आढळली आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही याबद्दल ठराव केला. शिवाय दर महिन्याला नवीन ‘ताई’ येते, जीव लावते आणि निघून जाते, हे लहान मुलाला किती वेळा सोसायला लावायचं? शाळेतलं मूल संध्याकाळी आपल्या माणसांत परत जातं. तिथे शिकवा.

१६. शाळेत मुलांना छडी मारताना पाहिलं तर काय करावं?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. केनियात आणि युगांडात शाळेत मारण्यावर बंदी आहे. टांझानियात पूर्ण बंदी नाही. नियमाप्रमाणे मुख्याध्यापक किंवा त्यांनी नेमलेले शिक्षक, जास्तीत जास्त चार छड्या, आणि त्याची नोंद. प्रत्यक्षात नियम मोडलेला दिसू शकतो.

तुम्ही कधीही हात उचलायचा नाही, आणि ‘शिक्षेसाठी’ मुलाला दुसऱ्या शिक्षकाकडे पाठवायचंही नाही. वर्गात मुलांदेखत शिक्षकाला अडवलंत तर त्याचा राग नंतर त्याच मुलावर निघतो. नंतर एकट्यात बोला, तुमच्या वर्गात काय चालतं ते दाखवा. इजा होत असेल किंवा छळ वाटला तर मात्र गप्प बसू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि तुमच्या संस्थेची बालसंरक्षण जबाबदारी असलेली व्यक्ती यांना लेखी कळवा. ती व्यक्ती कोण, हे निघण्याआधी विचारून ठेवा.

१७. मुलांचे फोटो टाकले तर चालतील?

शाळेची आणि पालकांची परवानगी असेल तरच. तिथे २०२२ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आहे. नाव, गाव आणि चेहरा एकत्र कधीच नको. फाटका गणवेश दाखवणारा फोटो तर परवानगी असली तरी नको. त्या मुलाने तो दहा वर्षांनी पाहिला तर त्याला काय वाटेल, एवढं स्वतःला विचारा.

१८. एक विद्यार्थिनी फीसाठी पैसे मागते आहे. देऊ का?

सरकारी शाळेत फॉर्म फोरपर्यंत फी २०१६ पासून माफ आहे, पण गणवेश, वह्या, जेवणाची वर्गणी यांचा भार खरा असतो. म्हणून मागणी खोटी समजू नका, पण पैसे हातात देऊ नका. मुख्याध्यापकांशी बोला आणि मदत शाळेच्या नावाने, पावती घेऊन करा, त्या मुलीचं नाव कुठेही न येऊ देता. आणि जे पुढच्या वर्षी पाळता येणार नाही, ते वचन देऊ नका.

१९. मी परत आल्यावर तिथे काही उरेल का?

ते तुम्ही कोणासोबत काम करता यावर आहे. सगळं स्वतःच केलंत तर तुमच्याबरोबरच परत येईल. प्रश्न ८ मधल्या शिक्षिकेने ते दोन रकाने मी निघण्याआधीच उचलले होते, खरं तर कल्पना अर्धी तिचीच. अजूनही ती अधूनमधून फळ्याचा फोटो पाठवते. आता तिला फॉर्म टूच्या जीवशास्त्राचे शब्द हवे आहेत. ती यादी आम्ही दोघी मिळून करतो आहोत, मी इंग्रजी रकाना लिहून पाठवते आणि दुसरा तिचा वर्ग भरतो.